मॉरिशसची सायकल-प्रदक्षिणा: समुद्र डाव्या हाताला की उजव्या?

ठाणेकर_पेडल · सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

गणपतीच्या सुमारास मी आणि माझा भाचा (वय २२, गुडघे कोरे करकरीत) सायकली घेऊन मॉरिशसला चाललोय. किनाऱ्याकिनाऱ्याने अख्खं बेट, पाच दिवस, सामान सायकलवरच. मुंबईहून थेट विमान आहे, व्हिसा उतरल्यावर मिळतो, गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून. पूर्ण फेरी दोनशे किलोमीटरच्या थोडी वर भरते. घरी "काही नाही हो, अलिबाग-गुहागर एवढंच" असं सांगून टाकलंय.

अडलंय ते दिशेवर. विमानतळ आग्नेय कोपऱ्यात, माहेबूर गावाशेजारी. घड्याळाच्या काट्याप्रमाणे निघालो तर आधी दक्षिण किनारा, मग ल मोर्नचा डोंगर, पश्चिमेने वर पोर्ट लुई, उत्तरेचं टोक आणि पूर्वेने खाली परत. नाहीतर याच्या बरोब्बर उलट. भाच्याने पाच जणांची प्रवासवर्णनं वाचली. तिघं एकीकडून गेलेत, दोघं दुसरीकडून, आणि पाचही जण म्हणतात वारा तोंडावर होता. असं कसं?

दुसरं म्हणजे नैर्ऋत्येच्या डोंगरातल्या चामारेल गावाचा चढ. भाच्याला हवाय, मला नकोय. माझ्या सगळ्यात हलक्या गियरला पुढे ३४ आणि मागे ३२ दात, वय ४७. हरिहरेश्वर-बाणकोटकडचे चढउतार उठत-बसत केलेत. वरंधा एकदाच, तोही बराचसा ढकलत.

गियरबदल · सोमवार, रात्री १०:०२

प्रदक्षिणाच घाला. देव उजव्या हाताला ठेवायचा तसं बेट उजव्या हाताला ठेवायचं. गंमत नाही करत. तिथे गाड्या डावीकडून चालतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने गेलात की तुमच्या आणि समुद्राच्या मध्ये एकही गाडी नाही. कुठेही थांबा, फोटो काढा, पाय बुडवा, रस्ता ओलांडायला नको.

आता वारा. तिथे आग्नेयेचे व्यापारी वारे असतात, आणि जून ते सप्टेंबर, म्हणजे त्यांच्या हिवाळ्यात, त्यांना चांगलाच जोर असतो. दक्षिण किनाऱ्याने पश्चिमेकडे जाताना तो वारा पाठीवर मिळतो. पश्चिम किनारा डोंगराच्या आडोशाला. उत्तर सपाट आहे, निभावून जातं. पूर्वेने दक्षिणेकडे उतरताना मात्र तोंडावर घ्यावाच लागतो.

उलट गेलात तर पूर्वेला वारा ढकलेल आणि दक्षिण किनाऱ्यावर थोबाडीत मारेल. त्या पाचही जणांचं बरोबर आहे. वारा एकाच दिशेने वाहतोय आणि तुम्ही गोल फिरताय, तर कुठेतरी तो समोर येणारच. आणि पाठीवर असलेला वारा कुणाला आठवत नाही, तेव्हा आपल्याला वाटतं आपलेच पाय चांगले चाललेत.

पंक्चरकाका · सोमवार, रात्री १०:१५

डिरेलरचा हँगर (मागचे गियर बदलणारा भाग टांगायची पट्टी) स्पेअर घेतलाय का?

उसाचाफड · मंगळवार, सकाळी ६:५०

गियरबदल यांच्याशी असहमत. मी उलटी फेरी केली आहे. पूर्वेचा किनारा सोपा आणि निवांत, तिथे पाय लागतात. अवघड दक्षिण शेवटी येते तोवर तुम्ही तयार झालेले असता. गियरबदल म्हणतायत तसं पहिल्याच दिवशी दक्षिणेला भिडायचं म्हणजे कोल्हापुरात उतरल्या उतरल्या तांबडा रस्सा.

पण खरी गोष्ट कुणी बोलतच नाही. सप्टेंबर म्हणजे तिथे ऊसतोडीचा हंगाम, साधारण जूनअखेर ते डिसेंबर. आपल्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली असते, ती येतेय हे आधी गाण्यांवरून कळतं. तिथे जाळीच्या पिंजऱ्याचे मोठे ट्रक. रस्त्याला कडेची पट्टी बहुतेक ठिकाणी नाही, डांबर संपलं की सरळ दगडी गटार, तेही उघडं आणि खोल. ट्रक मागून आला की तुम्ही आणि गटार. शिवाय रस्त्यावर सांडलेले उसाचे तुकडे, पाऊस पडून गेला असेल तर केळीच्या सालीसारखे.

आरसा लावा. हेल्मेटवरचा नको, हँडलवरचा.

काळाकातळ · मंगळवार, दुपारी १:२०

वाऱ्यावर माझं काही म्हणणं नाही, मी सायकल फक्त दूध आणायला चालवतो. पण चढाबद्दल दोन शब्द.

मॉरिशस ज्वालामुखीतून वर आलेलं बेट आहे, वय सुमारे ८० लाख वर्षं. मूळ ज्वालामुखी प्रचंड होता, त्याचा माथा खचला, आणि कडेचे तुटके अवशेष आज डोंगर म्हणून उभे आहेत: नैर्ऋत्येला ब्लॅक रिव्हर, आग्नेयेला ग्राँ पोर, पोर्ट लुईच्या मागे मोका. नंतर मधल्या भागातून पुन्हा पातळ लाव्हा वाहिला आणि उत्तर-पूर्वेकडे पसरला. म्हणून उत्तर ताटासारखी सपाट आणि नैर्ऋत्य एकदम अंगावर येणारी. सगळ्यात उंच शिखर ८२८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याने जेमतेम. पण देशावरून आपण सह्याद्रीत चढाला लागतो तेच मुळात पाच-सहाशे मीटरवरून. इथे चढ समुद्राच्या पाण्यापासून सुरू होतो.

आणि ताई, तुम्ही परक्या दगडावर नाही चाललेल्या. ज्या तप्त स्थानामुळे (पृथ्वीच्या पोटातली कायम पेटती चूलच म्हणा) ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा कातळ ओतला गेला, त्याच्यावरूनच पुढे मॉरिशस घडलं. भूभाग सरकत गेला, चूल जागच्या जागी राहिली. आज ती शेजारच्या रेयुनियों बेटाखाली पेटलेली आहे. लोणावळ्याचा कडा आणि ल मोर्न एकाच चुलीवरच्या भाकऱ्या. एक आधी भाजली, एक नंतर.

गियरबदल · मंगळवार, दुपारी १:४१

@काळाकातळ, दूध आणायला दुसऱ्याला पाठवा आणि तुम्ही इथे लिहीत जा.

काळीनदी · मंगळवार, सायंकाळी ७:३०

नमस्कार. मी मॉरिशसचा आहे, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात राहतो. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या कामासाठी आले. घरी आम्ही क्रिओल बोलतो, मराठी मी शाळेत शिकलो. काही चुकले तर क्षमा करावी.

दिशा कोणतीही घ्या, पण पोर्ट लुई रविवारी सकाळी पार करा. इतर दिवशी तिथल्या गाड्यांत सायकल नको. मोटरवेवर अजिबात जाऊ नका, जुना रस्ता धरा.

सुयाकच्या आधी दक्षिणेला समुद्राकाठून रस्ता नाही, हे नकाशात नीट पाहा. रस्ता आत उसातून जातो, लेस्कालिए गावावरून, आणि प्रत्येक नदीला खाली उतरून पुन्हा वर चढतो. पाहुणे समजतात किनारा म्हणजे सपाट. शेतात काळ्या दगडांचे मोठे ढीग दिसतील, पायऱ्यांसारखे रचलेले. ते किल्ले नाहीत. ऊस लावण्यासाठी जमिनीतले दगड हातांनी काढून तिथे रचले. आमच्या पणजोबांच्या पिढीचे काम आहे.

खाण्याची चिंता नको. रस्त्याच्या कडेला डाळपुरी मिळते. ती जोडीने विकतात, "एन पेर" म्हणायचे, म्हणजे दोन. आत घेवड्याची भाजी, टोमॅटोची रुगाय आणि मिरचीची चटणी. चटणी आधी चाखून पाहावी. पाणी, केळी, बिस्किटे तबाजीत मिळतील, ते आमचे किराण्याचे छोटे दुकान. रविवारी दुपारनंतर बरीच बंद असतात.

गणेश चतुर्थीला येथे सार्वजनिक सुट्टी असते. विसर्जनाच्या दिवशी नदीकडे आणि समुद्राकडे जाणारे रस्ते भरतात. त्या दिवशी सायकल हातात धरून चाला आणि प्रसाद घ्या.

ठाणेकर_पेडल · मंगळवार, रात्री ९:०५

@काळीनदी, डोळ्यांत पाणी आलं हो वाचून. तुमची मराठी माझ्या भाच्यापेक्षा शुद्ध आहे. (तो शेजारी बसून "खरंय" म्हणतोय.)

@उसाचाफड, आरसा घेतला. @काळाकातळ, भाकरीचं उदाहरण आईला वाचून दाखवलं, ती म्हणते, मग दगडं बघायला एवढ्या लांब कशाला जाताय?

ठरलं, प्रदक्षिणा. समुद्र डाव्या हाताला.

पंक्चरकाका · मंगळवार, रात्री ९:११

हँगर?

सह्याद्रीचीलेक · बुधवार, सकाळी ११:००

एक भर. खारा वारा. मी हे दुसऱ्या बेटावर भोगलंय. लाटांचे तुषार रस्त्यावर येतात तिथून गेलं की दोन दिवसांत चेन तांबडी. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने पुसून तेलाचं बोट. बाकी काही नाही केलंत तरी हे करा.

ठाणेकर_पेडल · गुरुवार (सहा आठवड्यांनी), रात्री ८:४०

सुयाकहून लिहितेय. पहिला दिवस झाला. आधी कबुलीजबाब.

पंक्चरकाका, हँगर घेतला नव्हता.

काल माहेबूरला खोका उघडला तर माझा हँगर आत वाकलेला. खोक्यावर बाणांच्या खुणा केल्या होत्या, "वरची बाजू" लिहिलं होतं, पण ज्याने फेकला असेल त्याने फेकलाच. डिरेलर थेट चाकाच्या आऱ्यांत घुसत होता. भाचा म्हणाला, "मावशी, एकाच गियरवर चालव." एकाच गियरवर!

लॉजवाल्या बाईंनी स्कूटर दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे पाठवलं. सायकलचं कुठलंही खास हत्यार त्याच्याकडे नव्हतं. मोठा पाना घेतला, हँगरला लावला, एक डोळा मिटून मागच्या चाकाशी ताडून पाहिलं, आणि केसभर, केसभर, केसभर करत सरळ केला. दर वेळी थांबून पेडल फिरवून आवाज ऐकायचा. आठही गियर पडले, सगळ्यात मोठं चक्र सोडून. ते लावायचं नाही असं त्याने खुणेने सांगितलं: बोट आडवं गळ्यावरून. पैसे किती, तर हात हलवून "नको". मग मी आणलेल्या शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट दिलं, ते घेतलं.

म्हणजे माझ्याकडे आता मागे ३२ नाहीत, २८ आहेत. आणि पुढे चामारेल.

बाकी आजचा दिवस काळीनदी म्हणाले तसाच. नदी, उतार, पूल, चढ, ऊस. परत नदी. दगडांचा पहिला ढीग दिसला तेव्हा दोघंही उतरलो. एकेक दगड माणसाला दोन हातांनी उचलता येईल एवढाच, कारण तो तसाच उचललेला आहे.

वारा पाठीवर होता. गियरबदल, तुमचं खरं आहे, मला दिवसभर वाटत होतं आपले पाय फार सुधारलेत.

पंक्चरकाका · गुरुवार, रात्री ८:५२

बोलत नाही काही.

ठाणेकर_पेडल · शुक्रवार, रात्री ९:३०

सकाळी आधी ग्री ग्रीला गेलो. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, लाटा लांब बाहेरच फुटतात आणि आत पाणी तळ्यासारखं. इथे ती भिंत तुटलेली. मोठा समुद्र थेट काळ्या कड्यावर. जमीन हादरते म्हणतात तशी पायाला जाणवली, आणि पोहायला मनाई आहे हे सांगायला पाटीची गरज नव्हती.

मग दिवसभराचा तो रस्ता, ज्यासाठी आलो. सुयाक ते बे द्यू काप ते ल मोर्न. एका बाजूला डोंगर उतरत येतो, एका बाजूला पाणी, मध्ये रस्त्याला जेमतेम जागा. माकोंदेचं वळण म्हणजे समुद्रात घुसलेलं काळ्या खडकाचं नाक, आणि रस्ता त्या नाकाला वळसा घालतो. वळणावर पलीकडचं काही दिसत नाही. भरतीची वेळ होती. कठड्याला लाट आपटून पाणी वर उडालं आणि भाच्याच्या हेल्मेटच्या भोकांतून आत गेलं. मी मागे होते. तो ओरडला, मी हसले, पुढच्या लाटेने मला घेतलं. ओठ खारट, चष्मा खारट. संध्याकाळी चेन पुसली, @सह्याद्रीचीलेक, फडकं आत्ताच तांबूस निघालं.

वर पायऱ्या आहेत. वर जाऊन बसलो, एक अख्खी डाळपुरीची जोडी संपेपर्यंत कुणी बोललं नाही.

गियरबदल, समुद्र डाव्या हाताला ठेवायचा हे या वळणासाठी एकदम बरोबर, आणि याच वळणासाठी एकदम चूक. बरोबर कारण दृश्य सगळं आपलं. चूक कारण मागून बस आली तर आपण पाण्याच्या कठड्याला चिकटतो. आम्ही काय केलं, वळणाच्या आधी थांबलो, मागचा आवाज शांत झाल्यावर निघालो, आणि वळणात मुद्दाम रस्त्याच्या मध्यावरून गेलो. चिकटून चालवलं तर बस शेजारून घुसायला बघते. मध्यावर राहिलं तर मागे थांबते. थांबली, हॉर्नही वाजवला नाही. ठाण्यात हे सुचणार नाही.

उसाचाफड · शुक्रवार, रात्री १०:०५

मी त्या वळणाला आतल्या बाजूने, कड्याला लागून होतो, आणि वारा तोंडावर. फोटो एक नाही. सध्या एवढंच मान्य करतो.

ठाणेकर_पेडल · शनिवार, रात्री ९:५०

चामारेल. थोडक्यात सांगते कारण दमलेय.

काझ नुआयालला समुद्राच्या पातळीवरून चढ लागतो आणि साधारण अडीचशे मीटर वर गावात सोडतो. सामान खाली एका दुकानात ठेवलं. दुसऱ्या नागमोडी वळणावर उतरले आणि ढकलायला लागले. लाज वाटली नाही. ढकलतानाच मागे वळून बघायला वेळ मिळतो: खाली लगून, त्यात फिकट आणि गडद निळ्याच्या रेघा, कडेला ल मोर्नचा ५५६ मीटरचा एकटा कातळ. तिथे पळून गेलेले गुलाम लपायचे. सैनिक आपल्याला धरायला येताहेत असं समजून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, आणि सैनिक सुटकेची बातमी घेऊन येत होते, अशी कथा सांगतात. तो डोंगर खालून बघणं वेगळं आणि हे डोक्यात ठेवून वरून बघणं वेगळं.

सात रंगांची माती पाहिली. @काळाकातळ, यावर तुम्हीच बोला. भाच्याला अजून वर, सातशे मीटरच्या पुढे प्लेन शांपान्यला जायचं होतं, तिथून गंगा तलाव. मी म्हटलं जा. गेला नाही. गावातली कॉफी पिऊन खाली आलो. उतारावर दोनदा थांबून ब्रेकच्या चकत्या थंड केल्या.

काळाकातळ · शनिवार, रात्री १०:३०

ती माती म्हणजे कुजलेला कातळ. पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली, मागे राहिली लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. लाल-तपकिरी छटा लोखंडाच्या, निळ्या-जांभळ्या ॲल्युमिनियमच्या. कोकणातला आपला जांभा याच रीतीने होतो. फरक एवढाच की आपण त्याचे चिरे काढून घर बांधतो आणि ते तिकीट लावतात.

ठाणेकर_पेडल · मंगळवार, सायंकाळी ६:१५

पाचाचे सहा दिवस झाले. माहेबूरला परत पोचलो, हँगर शाबूत.

रविवारी पोर्ट लुई सकाळी सातच्या आत पार केलं, रस्ते खरंच रिकामे. आप्रवासी घाटापाशी थांबलो. करारावर आलेले मजूर जिथे उतरले त्या दगडी पायऱ्या जपून ठेवल्यात, २००६ पासून जागतिक वारसा आहे. उत्तरेबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सपाट, हॉटेलं, काप मालरोला लाल छपराचं चर्च आणि गर्दी.

पण आज. पूर्व किनारा, त्रू दो दूसहून खाली. वारा. मी जन्मात अशा वाऱ्यात सायकल चालवली नाही. पाऊस नाही, ऊन छान, आणि सपाट रस्त्यावर मी चढाच्या गियरमध्ये. ताशी नऊ. भाचा पुढे, मी त्याच्या मागच्या चाकाला चिकटून, दर दोन किलोमीटरला अदलाबदल. माझी पाळी आली की तो मागून सांगायचा, "मावशी, तू रुंद आहेस, मस्त आडोसा आहे." पंचेचाळीस किलोमीटरला साडेपाच तास.

एक गोष्ट लिहून ठेवते, पुढच्यांना उपयोगी. पहाटे साडेपाचला निघालो तेव्हा पहिले दोन तास वारा झोपलेला होता. जमीन तापली तसा उठला. तेव्हा पूर्व किनारा करायचा तर नाश्ता विसरा आणि अंधारातून सुटा. आम्ही आणखी तासभर आधी निघालो असतो तर हा परिच्छेद लहान झाला असता.

ग्राँ पोरच्या बाजूला रस्ता पुन्हा पाण्याला लागून येतो, उजव्या हाताला सिंहासारखा बसलेला डोंगर, डावीकडे तो उपसागर जिथे १८१० मध्ये फ्रेंच आरमाराने इंग्रजांना हरवलं. आम्ही दोघं तिथे कठड्यावर आडवे पडलो होतो, इतिहासाकडे पाय करून.

काळीनदी · मंगळवार, सायंकाळी ७:००

अभिनंदन. आपण आमच्या गावावरून शनिवारी गेलात आणि कळवले नाही, याचा राग आहे. घरी मोदक होते. आमच्याकडे मुले जाखडीचा सराव करीत होती, आम्ही तिला झाकरी म्हणतो. ढोलक ऐकू आली असती.

ठाणेकर_पेडल · मंगळवार, सायंकाळी ७:२२

ऐकू आली! तामारँच्या अलीकडे, संध्याकाळी. भाचा म्हणाला, मावशी, कुणाकडे तरी बारसं आहे. मी म्हटलं, चल, उशीर होतोय. अरे देवा.

गियरबदल · मंगळवार, रात्री ८:१०

आता रेयुनियों? तिथे जिवंत ज्वालामुखी आहे, किनाऱ्याचा रस्ता थिजलेल्या लाव्हावरून जातो, २००७ च्या उद्रेकात तो रस्ताच गाडला गेला होता. आणि सिलाओसला चढताना सुमारे चारशे वळणं.

ठाणेकर_पेडल · मंगळवार, रात्री ८:१४

चारशे हा आकडा भाच्याने वाचला. तुम्हाला देव बघून घेईल.

पंक्चरकाका · मंगळवार, रात्री ८:२०

जाताना दोन हँगर. आणि चिक्की तीन पाकिटं.